आधी गांजा, मग गर्द?

१८९२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वेड्यांच्या इस्पितळांत १,३४४ नवे रुग्ण दाखल झाले. इस्पितळाच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे एक रकाना असे : वेड लागण्याचं कारण. त्यांतल्या २२२ जणांपुढे गांजा, चरस किंवा भांग अशी नोंद होती. सहा वेड्यांमागे एक, हे प्रमाण घाबरवणारंच होतं. गांजाबंदीची मागणी लंडनच्या संसदेपर्यंत पोचली आणि १८९३ मध्ये सरकारनं ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, एकूण सात सभासद, त्यांतले तीन हिंदी. या आयोगानं देशभर फिरून डॉक्टर, महसुली अधिकारी, मिशनरी, गांजा पिकवणारे शेतकरी अशा १,१९३ जणांच्या साक्षी नोंदवल्या.

वह्या चाळताना आयोगाला एक साधा प्रश्न पडला : हा कारणाचा रकाना भरतो कोण? चौकशीत निघालं ते असं. वेडसर माणसाला बहुधा पोलीस घेऊन येत. सोबतच्या कागदात वेडाचं कारण लिहावंच लागे. पोलिसाला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मग तो आजूबाजूला विचारी. कोणीतरी सांगे, हा गांजा ओढायचा. झालं, कारण मिळालं. इस्पितळातला कारकून तेच आपल्या वहीत उतरवून घेई आणि वर्षअखेरीस त्याची सरकारी आकडेवारी होई. आयोगानं त्या २२२ नोंदी एकेक करून तपासल्या तेव्हा गांजा-भांगेचा संबंध लावता येईल असे ९८ रुग्ण उरले, आणि त्यातही दुसरं कुठलंच कारण दिसत नाही असे फक्त ६१.

आयोगाचा अहवाल १८९४ मध्ये आला. अतिरेकी सेवन घातक आहे, पण बेताच्या सेवनानं फारसं नुकसान दिसत नाही. बंदी नको, कर आणि परवाने यांनी आळा घालावा, असा त्याचा निष्कर्ष होता. निष्कर्षाशी कोणी सहमत असो-नसो, त्या वहीतला रकाना लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण तसाच एक रकाना आजही आपल्या मनात असतो. अमक्याचा मुलगा गर्दुल्ला कसा झाला, हेरॉइन कसं घेऊ लागला? आधी गांजा ओढायचा. गांजा आधी होता हे खरंच असतं. पण आधी होता म्हणून त्यानंच पुढे नेलं, हे त्यातून सिद्ध होतं का?

एका अधिकाऱ्याची दोन उत्तरं

गांजा पुढच्या नशांकडे नेतो, हे मत आज इतकं रुजलेलं आहे की ते पहिल्यापासूनच असावं असं वाटतं. तसं नाही. अमेरिकेच्या केंद्रीय अमली पदार्थ विभागाचा प्रमुख हॅरी आन्सलिंगर हा गांजाचा कडवा विरोधक. १९३७ मध्ये गांजावर जबर कर बसवणारा कायदा आला, त्यामागे त्याचाच जोर होता. त्या वेळी संसदेच्या समितीत त्याला थेट विचारण्यात आलं : गांजा ओढणारा पुढे अफू, हेरॉइन, कोकेनकडे वळतो का? आन्सलिंगरनं नाही म्हणून सांगितलं. असं एकही प्रकरण आपल्या कानावर आलेलं नाही, गांजाचा व्यसनी त्या दिशेला जात नाही, असं त्याचं म्हणणं होतं. तेव्हा त्याचा भर गांजामुळे माणूस हिंसक होतो यावर होता.

न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी नेमलेल्या समितीचा अहवाल १९४४ मध्ये आला, त्यातही गांजातून हेरॉइन किंवा कोकेनचं व्यसन लागतं याला आधार सापडला नाही. पण दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी शहरांत हेरॉइन पसरलं. १९५१ मध्ये शिक्षा वाढवणारा नवा कायदा आला, आणि तोच आन्सलिंगर संसदेला सांगू लागला की तरुण हेरॉइनबाजांपैकी निम्म्याहून अधिक जणांची सुरुवात गांजानं झाली. मधल्या चौदा वर्षांत गांजाचं झाड बदललं नव्हतं. हेरॉइन वाढलं होतं आणि त्याला कारण हवं होतं.

या मताला शास्त्रीय अभ्यासाची जोड मिळाली ती १९७५ मध्ये. कोलंबिया विद्यापीठाच्या डेनिस कँडेल यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या शाळकरी मुलांची पाहणी केली. त्यात एक ठळक क्रम दिसला : आधी बिअर किंवा वाइन, मग सिगारेट किंवा कडक दारू, मग गांजा आणि त्यानंतर बाकीचे अमली पदार्थ. क्रम आहे याचा अर्थ प्रत्येक जण पुढे जाणारच असा नाही, हे कँडेल यांनी स्पष्ट केलं होतं. १९८०च्या दशकातल्या अमली पदार्थविरोधी प्रचारात ही पुस्ती गळाली. बिअर आणि सिगारेटही मागे पडल्या, उरला तो गांजा.

मागून मोजा, पुढून मोजा

व्यसनमुक्ती केंद्रात बसून हेरॉइन घेणाऱ्या शंभर जणांना विचारलं तर त्यांतले बहुतेक सांगतील की आधी गांजा घेतला होता. त्यांनी तंबाखूही खाल्लेली असते, दारूही प्यालेली असते, पण ती कोणी विचारत नाही. आता उलट टोकाकडून मोजू. अमेरिकेच्या २०१९ सालच्या राष्ट्रीय पाहणीत बारा वर्षांवरच्या लोकांपैकी आयुष्यात एकदा तरी गांजा घेतलेले सुमारे ४६ टक्के होते. कोकेन घेतलेले सुमारे १५ टक्के, हेरॉइन घेतलेले सुमारे २ टक्के. म्हणजे हेरॉइनवाले जवळपास सगळे गांजा घेऊन आलेले असले, तरी गांजावाले बहुसंख्य हेरॉइनपर्यंत गेलेलेच नाहीत.

ही दोन्ही टोकं एकाच अभ्यासात पाहायची तर न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चकडे जावं लागतं. तिथं १९७७ मध्ये जन्मलेल्या १,२६५ बाळांची नावं नोंदवून संशोधकांनी त्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. घरची परिस्थिती, आईबापांचं नातं, शाळा, मित्र, आजार, पोलिसांशी आलेला संबंध, सगळं टिपून ठेवलं. ही मुलं एकविशीला आली तेव्हा त्यांतल्या जवळपास ७० टक्क्यांनी गांजा घेऊन पाहिला होता आणि २६ टक्क्यांनी इतर अमली पदार्थ. या दुसऱ्या गटात दोन-तीन अपवाद सोडले तर सगळ्यांनी गांजा आधी घेतला होता. त्याच वेळी गांजा घेतलेल्यांपैकी ६३ टक्के पुढे कशाकडेच गेले नव्हते. आणि वर्षात पन्नासहून अधिक वेळा गांजा घेणाऱ्यांची इतर पदार्थांकडे वळण्याची शक्यता, मुळीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे १४० पट होती.

हा शेवटचा आकडा ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ म्हणून झटकून टाकता येत नाही. कौटुंबिक परिस्थिती वगैरेचा हिशोब वजा केल्यावर तो बराच खाली आला, पण नाहीसा झाला नाही. शिवाय हा संबंध वयानुसार बदलत होता. चौदा-पंधराव्या वर्षी दर आठवड्याला गांजा घेणाऱ्या मुलांमध्ये तो सर्वांत घट्ट होता, आणि विशी ओलांडल्यावर तो सैल होत गेला. तेव्हा संबंध आहे हे मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारायला हवा : तो कशामुळे?

पदार्थ, माणूस की वस्ती?

याची तीन उत्तरं दिली जातात. एक, गांजा मेंदूत असं काही करतो की पुढच्या नशेची ओढ वाढते. दोन, ज्या मुलाला गांजाकडे नेणाऱ्या गोष्टी असतात, त्याच त्याला पुढेही नेतात. तीन, गांजा ज्यांच्याकडून मिळतो आणि ज्यांच्यासोबत ओढला जातो, ती माणसं बाकीच्या पदार्थांची ओळख करून देतात.

पहिल्या उत्तराच्या बाजूनं उंदरांवरचे प्रयोग आहेत. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या यास्मिन हर्ड यांच्या गटानं २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग त्यांत बराच गाजला. माणसाच्या कुमारवयाशी जुळेल अशा वयाच्या उंदरांना तीन आठवडे, दर तिसऱ्या दिवशी, गांजातलं नशा आणणारं रसायन टीएचसी टोचण्यात आलं. मोठे झाल्यावर त्यांना अशा पिंजऱ्यात ठेवलं, जिथं कळ दाबली की हेरॉइनचा डोस मिळे. कळ दाबायला दोन्ही गटांतले उंदीर शिकले, पण टीएचसी मिळालेले उंदीर जास्त हेरॉइन घेत. सुखाच्या जाणिवेशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागातही बदल सापडले. कुमारवयातला मेंदू घडत असतो, आणि त्या वेळी मिळालेलं रसायन पुढची आवड बदलू शकतं, इतकं यातून नक्की म्हणता येतं.

पण हा गुण एकट्या गांजाचा नाही. डेनिस कँडेल आणि त्यांचे पती, नोबेल विजेते मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल, या दोघांच्या गटानं २०११ मध्ये उंदरांना पाण्यातून सात दिवस निकोटीन दिलं आणि नंतर कोकेन. निकोटीन आधी मिळालेल्या उंदरांवर कोकेनचा परिणाम कितीतरी वाढला. क्रम उलटा केल्यावर तसं घडलं नाही. म्हणजे मेंदूच्या अंगानं बोलायचं तर दार उघडण्याचा आरोप पानटपरीवरच्या पुडीवर आणि सिगारेटवरही येतो, आणि ती तर गांजाच्या आधीच हातात पडलेली असते.

दुसऱ्या उत्तराची ताकद २००२ मध्ये रँड या अमेरिकी संस्थेतल्या अँड्र्यू मोरल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिली. त्यांनी गणिती प्रतिमानात मुद्दाम गृहीत धरलं की गांजाचा पुढच्या नशेवर काडीचाही परिणाम होत नाही. फरक फक्त दोनच : प्रत्येक मुलाचा नशेकडे असलेला कल कमी-जास्त, आणि गांजा मिळण्याची संधी हेरॉइन-कोकेनच्या आधी येते. एवढ्यावर गणित मांडलं तरी प्रत्यक्ष पाहणीत दिसतो तोच क्रम, तीच प्रमाणं बाहेर पडली. गांजा निर्दोष आहे हे यानं सिद्ध झालं नाही. मात्र नुसता क्रम दाखवून त्याला दोषी ठरवता येत नाही, हे पक्कं झालं.

मग कल आणि घर सारखं ठेवून फक्त गांजाचा फरक कसा मोजायचा? त्यासाठी जुळी भावंडं कामाला आली. ऑस्ट्रेलियात एकाच लिंगाच्या जुळ्यांच्या अशा ३११ जोड्या शोधण्यात आल्या, ज्यांत एकानं सतराव्या वर्षाआधी गांजा घेतला होता आणि दुसऱ्यानं नव्हता. तेच आईबाप, तेच घर, एकरूप जुळ्यांच्या बाबतीत तर जनुकंही तीच. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लवकर गांजा घेतलेल्या भावंडात पुढे इतर पदार्थांचं सेवन किंवा व्यसन आढळण्याची शक्यता २.१ ते ५.२ पट निघाली. १४० पट कुठे आणि दोन ते पाच पट कुठे! मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्यानं दोन्ही आकडे एकाच काट्यावर ठेवता येत नाहीत, पण घर आणि रक्त सारखं केल्यावरही काहीतरी शिल्लक राहतं, हे महत्त्वाचं. ते काय, यावर संशोधकांनी मेंदूइतकंच बोट संगतीकडेही दाखवलं. जुळे भाऊ एका घरात वाढतात, पण त्यांचे मित्र एकच असतात असं नाही.

देश बदलला की क्रमही बदलतो, हे तिसऱ्या उत्तराला बळ देतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १७ देशांतल्या पाहण्यांवर आधारित २०१०च्या अभ्यासात, जपान आणि नायजेरियासारख्या गांजा कमी असलेल्या देशांत इतर अमली पदार्थ घेणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी आधी गांजा घेतलेलाच नव्हता. जे सहज मिळतं ते आधी येतं. क्रम रसायनाचा असता तर तो टोकियोत आणि न्यूयॉर्कमध्ये एकच दिसायला हवा होता.

दुकानदार कोण?

नेदरलँड्सनं हे तिसरं उत्तर गंभीरपणे घेतलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲमस्टरडॅममध्ये हेरॉइन शिरलं होतं. १९७६ मध्ये तिथल्या सरकारनं कायद्यातच दोन फळ्या केल्या : हेरॉइन-कोकेनसारखे जास्त धोक्याचे पदार्थ एकीकडे, गांजा-चरस दुसरीकडे. गांजा कायदेशीर झाला नाही, पण ठरावीक ‘कॉफीशॉप’मधल्या किरकोळ विक्रीवर खटले भरायचे नाहीत असं धोरण आलं. त्याचे नियम कडक आहेत. एका गिऱ्हाइकाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा जास्त द्यायचं नाही, दुकानात पाचशे ग्रॅमपेक्षा जास्त साठा नको, अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, दारू नाही, जाहिरात नाही. आणि दुकानात दुसरा कुठलाही कडक पदार्थ सापडला तर दुकान बंद. हेतू उघड होता : गांजा घ्यायला आलेल्या पोराची हेरॉइनवाल्याशी गाठ पडू नये.

याचा परिणाम एका युरोपीय तुलनेत दिसतो. आपण जिथून गांजा घेतो तिथं इतर पदार्थही मिळतात, असं सांगणारे स्वीडनमध्ये ५२ टक्के होते, नेदरलँड्समध्ये १४ टक्के. व्यवस्थेला भगदाडही आहे. कॉफीशॉपच्या पुढच्या दारानं विक्री चालते, पण मागच्या दारानं येणारा माल पिकवणं आणि पुरवणं वर्षानुवर्षं बेकायदाच राहिलं, त्यामुळे घाऊक धंदा गुन्हेगारी टोळ्यांच्या हातात गेला.

आपल्याकडे वाट उलट दिशेनं गेली. काही राज्यांत गांजा परवानाधारक दुकानांतून विकला जात असे. भारतानं अमली पदार्थांविषयीचा १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला, आणि १९८५ मध्ये एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा आला. गांजा, चरस, अफू, हेरॉइन, कोकेन एका कायद्याखाली आले. भांगेची पानं तेवढी व्याख्येतून सुटली. कायदा पदार्थांत फरक करतो. गांजाचं ‘अल्प प्रमाण’ एक किलोपर्यंत, हेरॉइनचं पाच ग्रॅमपर्यंत. पण पुडी विकणाऱ्याला असा फरक करण्याचं कारण उरलं नाही. दोन्हींत धोका आहेच, मग जास्त नफ्याची पुडी का नको? या कायद्यानंच गंजेडींना गर्दकडे ढकललं, असं काही जण मानतात. तेही सरसकट पटत नाही. ब्राउन शुगर, म्हणजे आपलं गर्द, मुंबईत कायद्याच्या आधीच, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आलं होतं. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं, तोवर पन्नीवर गर्द ओढणारी पोरं घरोघरच्या काळजीचा विषय झाली होती. एक घटना दुसरीच्या आधी की नंतर, हे कायद्याच्या बाबतीतही तारखा लावून पाहावं लागतं.

उलट बाजूच्या उत्साहालाही हाच चाप लागतो. २०१४ मध्ये एका अमेरिकी अभ्यासात दिसलं की १९९९ ते २०१० या काळात औषधी गांजाला परवानगी देणाऱ्या राज्यांत अफूजन्य औषधांच्या अतिसेवनानं होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे २५ टक्के कमी होते. गांजा लोकांना हेरॉइनपासून वाचवतो, अशी दवंडी पिटली गेली. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच पद्धत वापरून हिशोब २०१७ पर्यंत आणला, तर आकडा उलटला : सुमारे २३ टक्के जास्त. गांजानं आधी वाचवलं आणि मग मारलं असं नव्हे. त्या राज्यांत इतर बरंच काही घडत होतं.

आपल्या मुलांचा क्रम

भारतातल्या मुलांबद्दल सर्वांत बोलकी माहिती २०१३ मधली आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगासाठी दिल्लीच्या एम्समधल्या व्यसनोपचार केंद्रानं देशभरातल्या १३५ ठिकाणच्या, नशा करणाऱ्या ४,०२४ मुलांशी बोलून ती जमवली. पहिल्यांदा कुठला पदार्थ कितव्या वर्षी घेतला, याची सरासरी अशी : तंबाखू १२.३ वर्षं, हुंगायचे पदार्थ १२.४, गांजा-भांग १३.४, दारू १३.६. अफू, वेदनाशामक गोळ्या-सिरप आणि हेरॉइन १४.३ ते १४.९. सुईनं टोचून घेणं १५.१.

हुंगायचे पदार्थ म्हणजे व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन, थिनर. रुमालावर ओतायचं, मुठीत धरायचं आणि नाकाशी न्यायचं. स्टेशनच्या फलाटावर राहणाऱ्या पोराला यासाठी कुठल्या तस्कराची गरज नाही, स्टेशनरीचं दुकान पुरतं. एम्सच्याच २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त प्रमाणात आढळलेला हा एकमेव प्रकार होता : मोठ्यांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७ टक्के. या पोरांच्या यादीत गांजा तिसरा आहे. पहिल्या दोन गोष्टींना कायद्यानं कोणी अमली पदार्थ म्हणत नाही. त्याहून महत्त्वाचं, तंबाखूपासून सुईपर्यंतचा सगळा प्रवास सरासरीनं तीन वर्षांच्या आत उरकलेला आहे. इतक्या वेगानं पळणाऱ्या मुलामागे काहीतरी लागलेलं असतं : घरातली मारहाण, सुटलेली शाळा, भूक, रस्ता. पदार्थांची यादी पाहून तो पाठलाग दिसत नाही.

गांजा निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. २०१९ च्याच पाहणीनुसार देशात गांजा, चरस किंवा भांग घेणारे ३.१ कोटी लोक आहेत आणि त्यांतल्या ७२ लाखांना त्या सवयीसाठी मदतीची गरज आहे. गांजाचंही व्यसन लागतं. लहान वयात आणि वारंवार घेतल्यास अभ्यास, स्मरणशक्ती, मनाचं स्वास्थ्य या सगळ्यावर त्याची किंमत मोजावी लागते. ती मोजायला मुलगा हेरॉइनपर्यंत पोचायची वाट पाहावी लागत नाही.

तेव्हा मुलाच्या खिशात पुडी सापडली, तर ‘आता हा गर्दवर जाणार’ हा निष्कर्ष बहुधा चुकीचा ठरेल. ‘कॉलेजात सगळेच ओढतात’ हा दिलासाही तितकाच आंधळा आहे. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. वय काय? कधीमधी की रोज? मित्रांत बसून की एकटा? पुडी देतो कोण, आणि त्याच्याकडे आणखी काय असतं? गांजा सुरू होण्याआधी या मुलाचं काय बिघडलं होतं? एकविसाव्या वर्षी मित्रांसोबत दोनदा ओढलेला मुलगा आणि चौदाव्या वर्षी रोज एकटा ओढणारा मुलगा, दोघांच्या खिशातली पुडी सारखीच दिसेल. दुसऱ्याच्या बाबतीत एक दिवसही घालवू नये.

आणि या मुलांशी बोलताना मोजून बोलावं. एका झुरक्यात आयुष्य संपतं असं ज्याला सांगितलं, तो पहिल्या झुरक्यानंतर दुसऱ्या दिवशी धडधाकट उठतो. मोठी माणसं खोटं बोलतात हे त्यानं स्वतःच पडताळलेलं असतं. मग हेरॉइनबद्दल, जिथं भीती शंभर टक्के खरी आहे, तिथंही तो आपल्यावर विश्वास ठेवत नाही.